रोजचे बारा नमस्कार सुटतात कुठे? या चुका टाळा

रथसप्तमीला सुरू केलेले सूर्यनमस्कार होळीच्या आधीच बंद पडले, ही तक्रार मी दरवर्षी ऐकते. सांगणारी माणसं आळशी नसतात. नोकरी, घर, मुलांच्या शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं हे सगळं ती न चुकता सांभाळत असतात. तरीही नमस्कार सुटले की ‘आपल्यात शिस्तच नाही’ असं स्वतःला बजावून मोकळी होतात. मला हे पटत नाही. बहुतेक वेळा गडबड असते ती नेमाच्या मांडणीत. चांगल्या दिवसाचा अंदाज धरून नेम आखला की वाईट दिवशी तो मोडतो, आणि वाईट दिवस प्रत्येक आठवड्यात येतोच.

रोजची शिस्त लावायला मी बारा नमस्कारांचाच आग्रह धरते, त्याला कारणं आहेत. एका सतरंजीपुरती जागा पुरते. फी नाही, साहित्य नाही, पावसाची अडचण नाही. ‘ॐ मित्राय नमः’पासून ‘ॐ भास्कराय नमः’पर्यंत बारा नावं घेतली की काम पुरं होतं, त्यामुळे सुरुवात कुठे आणि शेवट कुठे याबद्दल घोळ राहत नाही. सावकाश, श्वास सांभाळून घातले तरी सात-आठ मिनिटं लागतात. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः रोज नमस्कार घालत आणि आपल्या संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सुरू केले. राजापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना जमेल असा व्यायाम त्यांनी निवडला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पहिल्याच दिवशी मोठा आकडा

सगळ्यात जास्त नेम या एका चुकीपायी बुडतात. सामूहिक कार्यक्रमात एकशे आठ घातले, हुरूप आला, घरी ‘रोज पन्नास’ ठरलं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. चौथ्या दिवशी अंगच नको म्हणतं. एखाद्याचं अंग तयार असलं तरी पन्नास नमस्कारांना अर्धा तास हवा. तो अर्धा तास सोमवारी मिळतो, गुरुवारी मिळत नाही. मग ‘पन्नास होणार नाहीत तर आज राहू दे’ हा विचार येतो आणि नेम तिथेच संपतो.

माझा सल्ला असा की दोन आकडे ठरवा. एक नेहमीचा, समजा बारा. दुसरा किमान, म्हणजे तीन. लग्नाहून रात्री बाराला परतलात आणि सकाळी सहाची गाडी पकडायची आहे, अशाही दिवशी तीन नमस्कार होतात. दोन मिनिटांचं काम आहे. तीन घातले की तो दिवस पूर्ण धरायचा, मनात हळहळ ठेवायची नाही. तीन नमस्कारांनी हाताचे दंड पिळदार होणार नाहीत, हे खरं. पण सतरंजी टाकून तिच्यावर उभं राहणं हेच या नेमातलं अवघड काम आहे आणि ते तुम्ही त्या दिवशीही केलेलं असतं. रोज जे शिकायचं आहे ते एवढंच.

काही जण किमान आकडा ऐकून नाराज होतात, एवढ्याशाने काय होणार म्हणतात. त्यांना मी इतकंच विचारते की गेल्या वर्षी पन्नासांचा नेम किती दिवस चालला होता?

ताप असेल, अंग मोडून आलं असेल, तर मात्र किमानसुद्धा नको. आजारपणात विश्रांती घेणं म्हणजे नेम मोडणं नव्हे.

घड्याळाच्या काट्याला नेम बांधणं

‘पहाटे साडेपाचला उठणार’ हे ऐकायला छान असतं. पण ज्या घरात पाणी पाच ते सहा एवढंच येतं, तिथे साडेपाचला सगळी धावपळ बादल्या भरण्याची असते. चाकणला पाळीत काम करणाऱ्याची सकाळ एका आठवड्यात सहाला, दुसऱ्यात दुपारी बाराला होते. आणि डबे करणाऱ्या बाईची पहाट तिची स्वतःची कधीच नसते.

म्हणून नेम वेळेला बांधू नका, रोज घडणाऱ्या एखाद्या कामाच्या पाठीला लावा. दात घासून झाले की सतरंजी. पाण्याची टाकी भरून पंप बंद केला की सतरंजी. मुलांची रिक्षा गेली, दार लावलं, की सतरंजी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी १९९९ साली अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ पद्धतीच्या ठरावांबद्दल सविस्तर लिहिलं. नुसतं ‘मी व्यायाम करीन’ असं ठरवणाऱ्यांपेक्षा केव्हा आणि कुठे हे आधीच ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त वेळा पार पडतं, असं पुढच्या पुष्कळ अभ्यासांत दिसून आलं. ठरवायचं वाक्य कागदावर लिहा. त्यात ‘सकाळी’ असा मोघम शब्द नको. त्या जागी एक काम हवं, आणि तेही रविवारीसुद्धा चुकत नाही असं.

घरातल्या बायकांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. नमस्कार सकाळीच, उगवतीकडे तोंड करूनच घातले पाहिजेत, या आग्रहापायी कितीतरी जणी सुरुवातच करत नाहीत. सकाळ उत्तम, यात वाद नाही. पण सकाळ मिळतच नसेल तर संध्याकाळी देवापाशी दिवा लावण्याआधीची दहा मिनिटं घ्या. पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत, एवढं पाळलं की पुरे. आणि ती दहा मिनिटं घरातल्यांना सांगून ठेवा. त्या वेळात कुकरची शिट्टी मोजायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी असली पाहिजे. हे मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. तरीही मागा, कारण घराने जागा दिल्याशिवाय घरातला नेम टिकत नाही. पाळीच्या दिवसांत नमस्कार नको वाटत असतील तर त्याच वेळी, त्याच सतरंजीवर बसून शांतपणे श्वास घ्या. वेळ आणि जागा न सुटल्याने चार-पाच दिवसांनी पुन्हा सुरू करणं जड जात नाही.

मोबाईल उशाशी

गजर बंद करायला हात जातो, खाली संदेश दिसतात, वीस मिनिटं जातात. इथे मनाचा निग्रह वाढवायच्या मागे लागू नका, मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून झोपा. गजराचं साधं घड्याळ अजूनही बाजारात मिळतं. जर्मनीत लोकांच्या रोजच्या मोहांचा एक अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला आहे अशी माणसं दिवसभर मोहांशी झगडत नव्हती, उलट अशा झगड्याचे प्रसंगच त्यांनी कमी नोंदवले होते. शिस्तीची माणसं दात-ओठ खाऊन जगतात ही आपली समजूत त्यामुळे तपासून पाहावीशी वाटते.

रात्रीच सतरंजी भिंतीशी काढून ठेवा, सैल कपडे बाजूला ठेवा, आणि बैठकीच्या खोलीत कुणी झोपणार असेल तर आपली जागा कुठली ते आधीच ठरवा. दीड खोलीच्या घरात ही अडचण खरी असते. दोन पलंगांच्या मधली फट पुरत नसेल तर गच्ची किंवा जिन्याजवळची मोकळी जागा पाहा. रोज नवी जागा शोधावी लागत असेल तर नेम लागणार नाही.

एकवीस दिवसांचा भरवसा

एकवीस दिवसांत सवय लागते, हे इतक्यांदा सांगितलं गेलंय की बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर माणूस घाबरतो. या आकड्याचा उगम बहुतेकदा अमेरिकी प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० सालच्या लिखाणात दाखवला जातो. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रुग्णाला आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्याचा व्यायामाच्या नेमाशी काही संबंध नाही, आणि ‘निदान’ हा शब्दही वाटेत गळून पडला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. रोज ठरलेल्या प्रसंगी एक छोटी गोष्ट करायची आणि ती किती आपसूक होते ते नोंदवायचं. मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण माणसामाणसांत फरक मोठा होता: १८ दिवसांपासून, बारा आठवड्यांच्या नोंदींवरून हिशेबाने पुढे काढलेल्या २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणजे दोन-तीन महिने सतरंजीवर स्वतःला ढकलत न्यावं लागलं तर ते अगदी रीतसर चाललंय असं समजा.

आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते इथेही खरं ठरतं. उत्साह ओसरल्यानंतरचे दिवस हाच खरा नेम. त्या काळात संगीत बदलून पाहा, नवा प्रकार आणा, असे सल्ले मिळतात. मी ते देत नाही. जितकं एकसारखं राहील तितकं लवकर अंगवळणी पडतं.

खाडा पडला की थकबाकी फेडणं

काल राहिले म्हणून आज चोवीस. परवाही राहिले म्हणून छत्तीस. हा हिशेब सावकारी व्याजासारखा वाढत जातो आणि चौथ्या दिवशी माणूस वहीच मिटतो. काल गेलेला दिवस गेला, आज बाराच घाला. लॅली यांच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

सांभाळायचं एवढंच की लागोपाठ दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत. आज सुटले असतील तर उद्या किमान तीन, काहीही झालं तरी. गणपतीचे दिवस, दिवाळी, गावची जत्रा, घरात पाहुणे, यांत नेम हमखास मोडतो. अशा दिवसांसाठी आधीपासूनच किमान आकडा ठरवून टाका आणि त्यानंतरच्या कोणत्या दिवशी पुन्हा बारावर यायचं तेही कॅलेंडरवर लिहा. ‘सण झाले की बघू’ म्हटलं की सणामागून सण येतो.

खूण करायला भिंतीवरचं कॅलेंडर सगळ्यात चांगलं. दुधाचा हिशेब जिथे लिहिता त्याच चौकटीत एक रेघ. तीन घातले तरी रेघ, बारा घातले तरी रेघ. चुकला तो दिवस कोरा ठेवा, मागाहून भरू नका. महिना संपल्यावर कोऱ्या चौकटी पाहा. त्या बहुधा एकाच वारी पडलेल्या असतात आणि अडचण कुठे आहे ते तिथेच कळतं.

दुखतंय म्हणून टाळणं

कधी कधी ज्याला आपण आळस म्हणतो ते दुखणं असतं. नमस्कार चुकीचे घातले की मनगट, कंबर, गुडघा कुरकुरतो आणि मन रोज नवी सबब शोधतं. मनगट दुखत असेल तर पंजे खांद्यांच्या सरळ रेषेत आणि बोटं पसरलेली आहेत ना ते पाहा. सगळा भार पंजाच्या मुळाशी पडता कामा नये. भुजंगासनात कंबर दुखत असेल तर छाती कमी उचला, कोपरं थोडी वाकलेली ठेवा. खाली वाकताना गुडघे ताठ ठेवायचा हट्ट सोडा, थोडे वाकवले तरी चालतं. मागचा पाय पुढे घेताना तो दोन हातांच्या मध्ये पोचत नसेल तर हाताने घोटा धरून आणा. काही आठवड्यांत तो आपला येईल. गुळगुळीत फरशीवर चादर टाकू नका, ती घसरते. जाड सतरंजी किंवा चटई घ्या.

श्वास तोंडाने घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. हळू करा. शेवटी दोन मिनिटं शवासन करा. घाईत तेच आधी कापलं जातं, पण माझ्या पाहण्यात त्या दोन मिनिटांमुळेच उद्या यावंसं वाटतं.

रक्तदाब, हर्निया, हृदयविकार, स्लिप डिस्क, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

मुलांना शिक्षा म्हणून नमस्कार

हे कृपा करून करू नका. मार्क कमी पडले म्हणून दहा नमस्कार घालायला लावलेल्या मुलाच्या मनात नमस्कार म्हणजे अपमान एवढंच उरतं. तुमची सतरंजी रोज अंथरलेली दिसली की लहान मूल आपणहून बाजूला येऊन वेडेवाकडे नमस्कार घालायला लागतं. ते तसेच घालू द्या.

सगळं पाळूनही तीन महिन्यांनी जड जात असेल तर

आधी ज्या कामाच्या पाठीला नेम लावलाय ते तपासा. तेच अनियमित असेल, उदाहरणार्थ चहा कधी सातला, कधी नऊला, कधी बाहेर, तर दुसरं निवडा. मग झोप पाहा. रात्री एकला झोपून सहाला नमस्कार घालायचा प्रयत्न चालला असेल तर आधी झोपेची वेळ आवरावी लागेल. नमस्कारांच्या जोडीला ध्यान, डायरी, वाचन, गरम पाणी असं बरंच काही एकदम सुरू केलं असेल तर नमस्कार सोडून बाकी सगळं थांबवा.

आणि छान चाललं असेल, तरी पहिले तीन महिने बारावरच राहा. नंतर वाढवायचे तर महिन्याला दोन-तीननेच वाढवा. वाढवल्यावर आठवड्यात दोनदा खाडा पडला तर लगेच मागच्या आकड्यावर या. किमान आकडा मात्र तीनच ठेवा, तो कधीही वाढवू नका.