सर्व्हिस डॉग घेऊन बेळगाव-निपाणी भागात फिरताय? या चुका टाळा

आपल्याकडं कुत्रं म्हटलं की लोकांना दोनच माहीत, एक गल्लीतलं भटकं आणि दुसरं बंगल्याच्या गेटला बांधलेलं. अंध माणसाला रस्त्यावरून सांभाळून नेणारं, व्हीलचेअरवरच्या बाईंची पडलेली किल्ली उचलून देणारं, फिट आली की माणसाजवळ थांबून राहणारं कुत्रं, म्हणजेच सर्व्हिस डॉग, बेळगावच्या खडेबाजारात कुणी बघितलेलंच नसतं. त्यामुळं दारातच अडवतात आणि दोन मिनिटात आवाज चढतात. माझा आतेभाऊ पूर्ण दृष्टिहीन आहे, सोबत त्याचा लॅब्रेडोर असतो, त्याच्याबरोबर फिरून आणि अशाच बाकीच्यांचं ऐकून मला एवढं नक्की कळलंय की हक्क असूनही माणूस परत फिरतो तो बऱ्याचदा चुकीच्या मुद्द्यावर भांडल्यामुळं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हिडिओ बघून अमेरिकेचा कायदा इथं सांगणं. तिकडं एडीए म्हणून कायदा आहे, त्यात दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात, हा कुत्रा अपंगत्वामुळं लागतो का आणि त्याला काय काम शिकवलंय, कागद मागता येत नाहीत. चांगलाच कायदा आहे, खरं तो तिकडचा. टिळकवाडीतल्या एखाद्या दुकानाच्या मॅनेजरला तुम्ही "तू मला कागद मागूच शकत नाहीस" म्हटलं तर त्याला ते पटणार नाही आणि कायद्यानं तो चुकतोय असंही तुम्हाला दाखवता येणार नाही.

आपला कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात कुत्र्याबद्दल वेगळं कलम नाही, हे आधी स्वतः मान्य करा म्हणजे पुढचं सोपं जातं. त्यात जे आहे ते जास्त कामाचं आहे. कलम 3 सांगतं की अपंगत्वामुळं भेदभाव करायचा नाही, आणि कलम 2 मधल्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच धरलाय. वाजवी सोय म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता केलेला आवश्यक तो बदल. सुप्रीम कोर्टानं 2021 च्या विकास कुमार निकालात हीच गोष्ट नीट उलगडून सांगितली आहे. शिवाय भारतानं 2007 साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात दिव्यांगांना फिरण्यासाठी सजीव मदत मिळावी असं लिहिलंय. म्हणजे तुमचं बोलणं "माझ्या कुत्र्याला आत सोडा" असं नको, "मला आत यायला ही सोय लागते आणि त्यानं तुमचं काही अडत नाही" असं पाहिजे. हक्क माणसाचा आहे. कुत्र्यावर बोलत बसलात की समोरचा लगेच "सगळेच आपापली कुत्री आणतील मग" वर येतो आणि तिथून विषय परत आणणं लई अवघड.

दुसरी चूक, ऑनलाईन पैसे भरून सर्टिफिकेट आणि जॅकेट मागवणं. "रजिस्टर्ड सर्व्हिस डॉग" असं छापलेलं चकचकीत कार्ड घरपोच येतं, त्याला काडीची किंमत नाही. खुद्द अमेरिकेतसुद्धा असं सरकारी रजिस्टर नाही. आणि घरातल्या लाडक्या पाळीव कुत्र्याला जॅकेट घालून "सर्व्हिस डॉग आहे" म्हणून मॉलमध्ये नेणारे जे आहेत त्यांना हात जोडून विनंती, हे करू नका. तुमचं कुत्रं एकदा कुणावर धावून गेलं की त्या दारातून पुढं खरोखर गरज असलेल्या माणसालाही आत घेत नाहीत. कुत्रं जवळ असलं की बरं वाटतं, भीती कमी होते, हे खरंच आहे, पण त्याला विशिष्ट काम शिकवलेलं नसेल तर तो सर्व्हिस डॉग होत नाही.

मग जवळ काय ठेवायचं? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), ट्रेनरचं किंवा संस्थेचं पत्र ज्यात कुत्र्याला कोणकोणती कामं शिकवली ते स्पष्ट लिहिलंय, रेबीजच्या लसीचं पुस्तक (तारीख उलटून गेलेली नको) आणि महापालिकेत कुत्र्याची नोंद केली असेल तर ती. सगळ्याची झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, मूळ कागद घरी.

इथं आपल्या सीमाभागाची एक खास अडचण येते. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजची माणसं बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावला येतात, कर्नाटकातल्या निपाणीची कोल्हापूरला जातात, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, "हे आमच्या राज्याचं कार्ड नव्हे." बसपासची सवलत राज्याराज्याची वेगळी असते, तिथं त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण अपंगत्वाचं प्रमाणपत्र देशभर चालतं असं कलम 58 मध्ये सरळ लिहिलंय. सवलत आणि प्रवेश या दोन गोष्टींची गल्लत तुम्ही करू नका आणि त्यालाही करू देऊ नका.

दारात दाखवायला आपण स्वतः छापतो ते माहितीचं कार्ड फक्त मराठीत किंवा फक्त इंग्रजीत छापणं ही पण चूकच. दारावरचा सिक्युरिटी, कंडक्टर, पोलीस यातले कित्येकजण चिकोडी-गोकाककडचे कन्नड बोलणारे असतात. भाषेचं राजकारण आपल्या जागी राहू द्या, दारातल्या माणसाला दोन ओळी वाचता आल्या पाहिजेत. आम्ही कार्डावर कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्हीत छापून घेतलंय, आणि तोंडी एवढं आलं तरी निम्मं काम होतं: "अण्णा, इवरिगे कण्णु काणल्ल, इदु दारि तोरिसो नायि, एनू माडल्ल." म्हणजे यांना दिसत नाही, हे वाट दाखवणारं कुत्रं आहे, काही करत नाही. अण्णा म्हणून सुरुवात केली की माणूस ऐकून तरी घेतो.

हॉटेलचा विषय जरा मोठा आहे. फूड सेफ्टीच्या नियमात जनावरं आणि पाळीव प्राणी आत येऊ देऊ नयेत असं आहे, त्यामुळं मालक ते दाखवतो तेव्हा तो काही मनाचं सांगत नसतो. त्याच्याशी "असा नियमच नाही" म्हणून वाद घालणं ही चूक. त्याला वाट काढून द्या: किचनपासून लांबचं कोपऱ्यातलं टेबल, गर्दी नसलेली वेळ, आणि आदल्या दिवशी फोन. एका खाणावळीत आतेभावाला मालक म्हणाला, "बाहेर बांधा की ओ, कोण नेत नाही." आतेभाऊ शांतपणे म्हणाला, "सावकार, तो बाहेर राहिला तर मी आत कसा येऊ, आणि त्याला काही झालं तर मी घरी कसा जाऊ?" मालक जरा वेळ गप्प बसला, मग भिंतीकडचं टेबल दिलं. कुत्रा टेबलाखाली शिरला, पुढच्या पायावर हनुवटी टेकली, शेपटी आत ओढून घेतली म्हणजे वाढप्याचा पाय पडू नये, आणि जेवण होईपर्यंत उठला नाही. शेजारच्या टेबलावरच्यांना तर उठताना कळलं की खाली कुत्रा आहे. हे वागणं हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. म्हणून ज्या दिवशी कुत्रा आजारी आहे, चिडचिड करतोय किंवा अंग नीट पुसलेलं नाही त्या दिवशी हक्काच्या गोष्टी काढून आत शिरायचा हट्ट करू नका.

प्रवासात लोक ऐनवेळी जाऊन उभे राहतात, तिथंच फसतात. विमानाचं त्यातल्या त्यात बरं आहे, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) नियमात दिव्यांग प्रवाशाबरोबरच्या गाईड डॉगचा उल्लेख आहे, सांबऱ्याच्या विमानतळावरून जाणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा, निदान 48 तास आधी, लसीचे आणि ट्रेनिंगचे कागद पाठवा आणि एअरलाईनचं उत्तर ईमेलवर घ्या, फोनवरच्या "हो चालेल" वर जाऊ नका. रेल्वेत पाळीव कुत्र्याचा नेहमीचा नियम असा की एसी फर्स्टमध्ये अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, टू एसी, थ्री एसी, स्लीपरला नाही. कामाच्या कुत्र्याला पेटीत घालणं म्हणजे माणसाची काठी काढून घेण्यासारखं आहे, म्हणून आधीच हुबळी डिव्हिजनच्या कमर्शियल विभागाला लेखी विनंती करा आणि उत्तराची प्रिंट बरोबर ठेवा. मिरजेहून पुढं जाणार असाल तर तिथून मध्य रेल्वे, त्यांना वेगळं लिहायचं. बसमध्ये कंडक्टरनं कुत्र्याचं तिकीट मागितलं तर त्यावर अडून बसू नका, तिकीट घ्या, जपून ठेवा, नंतर डेपो मॅनेजरला अर्ज करून विचारा. आणि मागच्या दारापाशी उभं राहण्यापेक्षा डेपोतूनच सुटणारी गाडी धरा, म्हणजे कुत्र्याला सीटखाली नीट बसायला वेळ मिळतो.

देवळात आणि दवाखान्यात सगळीकडं एकच मोजमाप लावू नका. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, भाजलेल्यांचा वॉर्ड इथं नाही म्हटलं तर त्यांचं बरोबर आहे, ओपीडीत आणि केसपेपरच्या रांगेत नाही म्हणायला तसं कारण नाही. देवळात दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते पुजाऱ्याला ऐकवून गाभाऱ्याचं दार उघडत नाही. आधी ट्रस्टींना भेटा, सभामंडपापर्यंत कुत्रा आणि पुढं हाताला धरून नेणारा कार्यकर्ता, असं बऱ्याच ठिकाणी जमतं.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न कायद्यानं सुटत नाही. हार्नेसमधला (अंगावर कामाचा पट्टा घातलेला) कुत्रा उलटून भुंकत नाही, त्यामुळं गल्लीतली टोळी त्यालाच घेरते. नेहमीच्या रस्त्यावरची पानपट्टी, किराणा दुकान यांच्याशी ओळख करून ठेवा, एक हाक मारली की कुणीतरी येतं. गणपतीच्या मिरवणुकीत आणि फटाक्यात नेऊच नका. एप्रिल-मेच्या दुपारी डांबरावर हाताची पाठ टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पायालाही सोसत नाही.

दुकानदार आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. काम करणाऱ्या कुत्र्याला बिस्कीट घालू नका, शीळ घालू नका, हार्नेस धरून ओढू नका. मदत करायची तर माणसाला विचारा, "दादा, हात देऊ का?"

शेवटची चूक तक्रारीत होते. फेसबुकवर व्हिडिओ टाकला की झालं असं वाटतं, पण पुढं काहीच होत नाही. घटना जिथं घडली त्या राज्याचा दिव्यांग आयुक्त बघायचा, निपाणीत घडलं तर बेंगळुरू, कागल-चंदगडला घडलं तर पुणे, तुमचं रेशनकार्ड कुठलं आहे याच्याशी संबंध नाही. रेल्वे, विमान, केंद्राच्या अखत्यारीतलं काही असेल तर दिल्लीचे मुख्य आयुक्त. तुम्ही सरकारी नोकरीत असाल आणि तुमच्याच ऑफिसनं अडवलं तर त्या ऑफिसच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं कलम 23 खाली आधी द्या, दोन आठवड्यात चौकशी व्हायला पाहिजे, नाही पटलं तर जिल्हा समिती. चारचौघात मुद्दाम अपमान केला, धमकावलं तर कलम 92, ते पोलिसांकडं, त्यात सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. पण नुसतं "आत सोडलं नाही" एवढ्यावर 92 लावा म्हणून हट्ट धरलात तर अर्जच बाजूला पडतो, कायदा मोडल्याचा दंड कलम 89 मध्ये आहे, पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत. अर्ज लिहायला जमत नसेल तर कर्नाटकात ग्रामपंचायतीला व्हीआरडब्ल्यू आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू, म्हणजे दिव्यांगांसाठीचे पुनर्वसन कार्यकर्ते, असतात, त्यांना धरा, कन्नडमध्ये लिहून देणं हे ते रोज करतात. अर्जात तारीख, वेळ, जागा आणि समोरचा काय बोलला ते त्याच्याच शब्दात घाला, त्याच संध्याकाळी लिहून काढा, पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आणि फोटो जोडायचा असेल तर हार्नेस घालून काम करतानाचा जोडा, घरात सोफ्यावर झोपलेला नको.