गोव्यातली गाडी बर्फात नेताना इंजिन ऑइल कसे निवडावे

डिसेंबरात पणजीत पहाटेचा पारा २० अंशांच्या आसपास असतो आणि तेवढ्यावर आपण स्वेटर शोधतो. तीच गाडी त्याच महिन्यात हिमाचलातल्या काझाला किंवा लडाखमधल्या लेह, द्रासला नेली तर रात्रभर उणे १५ ते उणे २५ अंशांत उभी राहते. गोव्यात वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ऑइल तिथे सकाळी काकवीसारखे घट्ट झालेले असते. सेल्फ कण्हत फिरतो किंवा फिरतच नाही. त्याहून वाईट म्हणजे इंजिन सुरू होते, पण चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातले ऑइल पंपापर्यंत पोहोचत नाही. पंप जवळचे ओढून घेतो, तिथे पोकळी पडते, ती भरायला बाजूचे ऑइल सरकत नाही आणि पंप नुसती हवा खेचतो. बेअरिंग कोरडे फिरते.

म्हणून आधी डब्यावरचे आकडे नीट वाचा. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो, नंतरचा इंजिन तापल्यावरची. ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइले १०० अंशांना एकाच जाडीच्या पट्ट्यात असतात. "पातळ ऑइल आपल्या उकाड्यात टिकत नाही" असे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते, ते दुसऱ्या आकड्याबद्दल खरे आहे, पहिल्याबद्दल नाही. बर्फात जाताना बदलायचा तो फक्त पहिला आकडा. दुसरा आकडा इंजिनाचा असतो, हवामानाचा नाही. तो कंपनीने सांगितलेलाच ठेवा.

पहिला आकडा किती हवा? सेल्फने इंजिन फिरवण्याची चाचणी २०डब्ल्यूसाठी उणे १५, १५डब्ल्यूसाठी उणे २०, १०डब्ल्यूसाठी उणे २५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांना होते. पंपाने ऑइल ओढण्याची चाचणी त्याहून ५ अंश खाली. पण या प्रयोगशाळेतल्या मर्यादा आहेत, रोजच्या वापराच्या नव्हेत. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, हेही त्यात धरा. जिथे मुक्काम आहे तिथल्या सर्वांत थंड रात्रीपेक्षा निदान १० अंश खालची सेल्फची चाचणी पास होणारा ग्रेड घ्यावा. उणे १५ला १०डब्ल्यू जेमतेम पुरते, उणे २०ला ५डब्ल्यू हवे, उणे २५ला ०डब्ल्यू. डब्यावरच्या 'पोअर पॉइंट'वर मात्र भुलू नका. त्या तापमानाला ऑइल भांड्यातून हलते एवढाच त्याचा अर्थ.

आता गाडीचे माहितीपुस्तक उघडा. त्यात तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असतो. तक्त्यात नसलेला ग्रेड दुकानदाराच्या आग्रहावरून घालू नका. अलीकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत मुळातच ०डब्ल्यू-२० किंवा तत्सम ऑइल असते. त्यांना काहीच बदलायला नको. बीएस-६ डिझेल गाडीत धुराचा फिल्टर असतो. तिला कमी राख सोडणारे ऑइल लागते, बहुधा एसीईए या युरोपीय मानकातले सी२ किंवा सी३. ग्रेड जुळला आणि हे चुकले तर फिल्टर हळूहळू तुंबतो. गिअरच्या मोटारसायकलला जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या ऑइलचे जपानी मानक) लिहिलेलेच ऑइल हवे. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचे ऑइल घातले तर तो घसरू शकतो. (जानेवारीत काझाला मोटारसायकल नेणे हा शहाणपणाचा बेत नाही, पण नेणारे नेतात.)

ऑइल म्हापसा, मडगाव, फोंडा, जिथे आपला मेकॅनिक असेल तिथेच बदला, निघण्याच्या आठवडाभर आधी. इंजिन कोमट असताना ड्रेन नट काढा, ऑइल पूर्ण गळू द्या, ऑइल फिल्टर आणि नटाचा वॉशर नवा घाला. पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमीच ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटे थांबा आणि डिपस्टिक बघत उरलेले घाला. दोन-तीनशे किलोमीटर चालवून गळती तपासा. जाऊन-येऊन पाच हजारांच्या वर किलोमीटर होतात, तेव्हा त्याच ग्रेडचा एक लिटरचा सीलबंद डबा सोबत असू द्या.

त्याच दिवशी रेडिएटरही बघा. आपल्याकडे अनेक गाड्यांत कूलंटऐवजी नळाचे पाणी असते आणि गोव्यात ते खपून जाते. बर्फात ते गोठून फुगते आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. निम्मे इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मे शुद्ध पाणी सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. डिझेलचेही तसेच. खालच्या मैदानी भागातून भरून नेलेल्या डिझेलमध्ये थंडीत मेण धरते. लडाखमध्ये २०१९पासून उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल मिळते. शक्य तितक्या रिकाम्या टाकीने पोहोचून तेच भरा.

तिथे सकाळी दिवे, ब्लोअर बंद, क्लच दाबून सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंदांहून जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. ऑइलचा लाल दिवा पाचेक सेकंदांत विझला नाही तर इंजिन लगेच बंद करा. लागलीच रेस देऊ नका. मिनिटभराने हळू निघा. ऑइलमध्ये रॉकेल मिसळणे किंवा चेंबरखाली स्टोव्ह लावणे हे उपाय कोणी सुचवले तरी करू नका. पहिल्याने ऑइलची पकड जाते, दुसऱ्याने गाडी.

परत आल्यावर हे ऑइल फेकायची गरज नाही, ठरलेल्या अंतरापर्यंत इथेही चालते. झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर बहुधा थंडीत साठलेले पाणी असते. म्हापशाहून काणकोणपर्यंत एक फेरी मारली की ते उडून जाते. फेस पुन्हा आला आणि कूलंटही घटत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलची पट्टी) तपासायला लावा.