कुत्र्यावर हल्ला झाल्यावर त्याला पुन्हा रस्त्यावर कसं न्यायचं

‘एकदा समोरासमोर येऊ दे, हुंगू दे, भीती आपोआप मोडेल.’ गल्लीतल्या तीन कुत्र्यांनी माझ्या कुत्रीला, चिंगीला, धरलं, त्यानंतर हा सल्ला मला कितीतरी जणांनी दिला आणि मी तो ऐकला. टाके निघून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मी तिला ओळखीच्या, अगदी शांत लॅब्रॅडॉरजवळ नेलं. तो बिचारा नुसता उभा होता. चिंगीने जागच्या जागी शू केली आणि पुढचा दीड महिना ती लिफ्टच्या बाहेर पाय टाकेना. त्यानंतर शेजारपाजारची अशी आणखी पाच कुत्री सावरायला मी मदत केली आहे. ‘भिडू दे’ हा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर तो ऐकू नका, मग देणारा कितीही वर्षं कुत्री पाळत असो.

जखमेचं थोडक्यात सांगते. चावा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. वरून दोन टिंबं दिसतात, पण सुळ्यात धरून झटके दिलेले असले तर आत कातडी मांसापासून सुटलेली असते; केस कापल्याशिवाय ते कळत नाही. रेबीजची लस आधी झालेली असली तरी चाव्यानंतर पुन्हा डोस लागतात. सोडवताना तुम्हाला ओरखडा आला असेल, तर तुमचीही लस त्याच दिवशी सुरू करा. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

पहिले काही दिवस फिरणं बंद. शी-शूपुरतं खाली, तेही सगळ्यात शांत वेळेला. घरात ते तुमच्या पायाशी येऊन बसलं तर खुशाल कुरवाळा. ‘घाबरलेल्याला जवळ घेतलं की भीती वाढते’ हे साफ खोटं आहे. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, एकटं सोडल्याने मात्र ते आणखी कोपऱ्यात जातं.

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावू नका, छातीचा हार्नेस घ्या. दुसरं कुत्रं दिसायला आणि गळा आवळायला एकच गाठ पडली, तर भीतीत दुखणं मिसळतं. दोरी सहा फुटांची, साधी. बटण दाबून लांब होणारी अजिबात नको.

आता अवघड भाग, अंतराचा.

दुसरं कुत्रं दिसतंय आणि तरीही आपलं कुत्रं खातंय, असं एक अंतर असतं. ते शोधायचं आणि काम तिथूनच सुरू करायचं. मोजपट्टी म्हणजे बिनमिठाचं, हाड काढलेलं उकडलेलं चिकन. शाकाहारी घरात पनीर. एरवी ज्यावर झडप घालतं तो तुकडा तोंडाशी नेऊनही घेतला नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. ओठ चाटणं, उगाच जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली जाणं ही त्याच्याही आधीची लक्षणं. दिसली की पाठ फिरवून लांब जायचं. चिंगीचं अंतर साठ पावलं निघालं. शहरात साठ मोकळी पावलं कुठून आणायची? रविवारी सकाळचं शाळेचं मैदान, सोसायटीच्या बंद गेटची आतली बाजू, काचा वर केलेली उभी गाडी. मी सगळं वापरलं.

त्या अंतरावर उभं राहायचं. कुत्रं दिसलं की चिकन. कुत्रं नजरेआड झालं की चिकन बंद. पाच मिनिटं, फार तर दोन-तीन कुत्री, की घरी. रोज नको, मध्ये एक दिवस जाऊ द्या. अंगात चढलेला ताण लगेच उतरत नाही.

क्रम मात्र चुकवू नका. मी तीन आठवडे चुकवला. चिंगीच्या आधी मलाच कुत्रं दिसायचं, आणि मी घाईघाईने पिशवीत हात घालायचे. प्लास्टिक कुरकुरलं की पाठोपाठ कुत्रं यायचं. शेवटी ती पिशवीच्या आवाजानेच थरथरायला लागली, स्वयंपाकघरातसुद्धा! म्हणून आधी तिने कुत्रं पाहायचं, मनात एक आकडा मोजायचा, मग तुकडा. तुकडे कापडी बटव्यात ठेवा. काही दिवसांनी कुत्रं दिसताच ती वळून तुमच्या हाताकडे बघेल. ते सलग तीन-चार वेळा झालं, की दोन-तीन पावलं पुढे. वाईट दिवस आला की दहा पावलं मागे, मनाला लावून न घेता.

आणि तुमची स्वतःची भीती. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, पण ती दोरीतून थेट खाली उतरते. मी दोरीचे मनगटाला दोन वेढे घ्यायचे, श्वास धरायचे, आणि चिंगीला कुत्रं दिसायच्या आधीच कळायचं की काहीतरी येतंय. यावर एकच उपाय मला लागू पडला: आठवडाभर त्याच रस्त्याने कुत्र्याशिवाय, एकटीने चालणं. कोणतं कुत्रं कुठे बसतं, किती वाजता उठतं, कोणाचा कान कापलेला आहे, म्हणजे नसबंदी झाली आहे, हे सगळं पाहून ठेवलं. त्यांना खायला घालणाऱ्या काकूंशी बोलले. त्यांना एकेकाचा स्वभाव पाठ होता. गल्लीतल्या कुत्र्यांना हाकलून लावण्याच्या मागे लागू नका. नियमाप्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्री सहसा त्याच जागी परत सोडायची असतात. कान न कापलेली दिसली तर महापालिकेला कळवा, पाठपुरावा करा, त्याचा उपयोग होतो.

अंगावर एखादं आलंच तर पळू नका. मध्ये छत्री उघडा आणि मूठभर बिस्किटं त्याच्या पलीकडे जमिनीवर टाका. छत्रीचा सराव आधी घरात करा, नाहीतर तुमचंच कुत्रं तिला बिचकेल. काठी मी नेत नाही. काठी उगारली की गल्लीतली कुत्री जास्त भुंकतात आणि आपलं कुत्रं जास्त भेदरतं.

कितीही लांब गेलं तरी दोन-तीन आठवडे ते खातच नसेल, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. शेजारच्या पग जातीच्या कुत्र्याला गोळ्या सुरू झाल्यावरच शिकता आलं. टाके निघाल्यावरही हात लावला की गुरगुरत असेल, तर आधी दुखणं तपासून घ्या.

चिंगीला सात महिने लागले, त्या पग कुत्र्याला चार. मध्ये भाद्रपद आला तर तेवढे दिवस सराव थांबवा. त्या महिन्यात माजावरच्या कुत्रीमागे टोळकी फिरतात आणि ओळखीचं कुत्रंही ओळख देत नाही. त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी पिल्लं येतात. कार्तिक-मार्गशीर्षात गाड्यांखाली, गटाराच्या कडेला, बांधकामाच्या वाळूत आधी नजर टाका, आणि पिल्लं असतील ती गल्ली दोन महिने सोडून द्या.