नळी पोटात, फाईल माळ्यावर : मुलांच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांत या चुका टाळा

चिपळूण असो, कणकवली असो की सावंतवाडी, ओपीडीत पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, दुर्बिणीनं होईल ना?" आजार काय, कधी करायचं, नंतर किती वर्षं दाखवत राहायचं, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत. मी लहान मुलांची सर्जन. किडनी, मूत्राशय, लघवीचा मार्ग, न उतरलेली गोटी म्हणजे वृषण, हे माझं रोजचं काम. भोक तीन मिलिमीटरचं होतं की पाच, यावरून रडत आलेले आईबाप मला आठवत नाहीत. उशिरा आणलं म्हणून आणि ऑपरेशननंतर गायब झाले म्हणून बिघडलेली मुलं मात्र सारखी दिसतात, आणि त्याच त्याच कारणांनी. थोडं कडक लिहिणार आहे.

आतली नळी विसरणं

ही माझी सगळ्यांत मोठी डोकेदुखी, म्हणून आधी हीच.

किडनीतून मूत्रवाहिनी जिथं सुरू होते तिथं काही मुलांना जन्मतःच अरुंदपणा असतो. लघवी साचते, किडनी फुगते. तो अरुंद भाग कापून नीट जोडण्याची अँडरसन आणि हाइन्स यांची पद्धत १९४९ पासूनची आहे. आज तेच जोडकाम पोटावर तीन बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं करता येतं. जोड भरून येईपर्यंत आत एक मऊ नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. तिचं वरचं वेटोळं किडनीत बसतं, खालचं मूत्राशयात. साधारण चार ते सहा आठवड्यांनी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून ती काढायची. लहान मुलाला त्यासाठी थोडी भूल लागते, काम मात्र काही मिनिटांचं.

नळी बाहेरून दिसत नाही. खरा घोळ इथंच होतो.

देवगडच्या बाजूचा एक मुलगा. ऑपरेशन मुंबईतल्या एका रुग्णालयात झालेलं, आणि जोडकाम अगदी सुरेख. बाप चाकरमानी. आई मुलाला घेऊन गणपतीला गावी आली ती तिथंच राहिली, शाळेतही गावच्याच घातलं. डिस्चार्ज कार्डावर नळी काढायची सूचना होती, पण इंग्रजीत, सगळ्या औषधांच्या खाली, शेवटच्या ओळीत. मुलगा खात होता, खेळत होता, अंगानं भरला होता. आईनं एकदा विषय काढला तर आजी म्हणाली, "झिल आता बरो आसा, मगे परत भूल कित्याक?" फाईल माळ्यावर गेली.

पुढं लघवीला जळजळ सुरू झाली. धण्याचं पाणी झालं, शहाळी झाली. ताप आला की गावात मिळेल ते अँटिबायोटिक, तेही तीन दिवस. वर्ष उलटून गेल्यावर लाल लघवी झाली तेव्हा माझ्याकडे आला. एक्स-रे काढला. बंबाच्या तळाशी क्षाराचा थर धरतो तसा नळीच्या दोन्ही टोकांवर खडा धरला होता. खालचा मूत्राशयात फोडावा लागला, वरच्यासाठी पाठीतून किडनीत दुर्बीण घालावी लागली. दोन वेळा भूल, दोन्ही वेळा काही तास. काही मिनिटांच्या कामाचं हे झालं. किडनी वाचली, पण त्या बाजूचं काम पहिल्यापेक्षा कमी झालं ते झालंच.

आजीला मी बोलले नाही. तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. कार्ड लिहिणाऱ्याला मात्र बोलले असते.

माझी पद्धत अशी आहे. नळी काढायची तारीख कार्डाच्या पहिल्या ओळीत, मराठीत, लाल शाईनं. तीच तारीख घरच्या कालनिर्णयवर माझ्यासमोर फोन करून घरच्यांना लिहायला लावते. चतुर्थी, शिमगा आणि आंब्याची काढणी बघूनच तारीख देते, नाहीतर "जरा सण झाला की येतो" हे ठरलेलं. दोन फोन नंबर घेते, एक बापाचा आणि एक गावात कायम असणाऱ्या माणसाचा. काढलेली नळी आईबापांना हातात दाखवते. ती बघितल्याशिवाय कुठल्याही रुग्णालयातून "नळी काढली" यावर विश्वास ठेवू नका, माझ्याही नाही.

नळी आत असताना लघवीला सारखं जावंसं वाटतं, अधूनमधून लघवी लालसर होते, लघवी करताना कुशीत कळ येते. हे चालतं. ताप चालत नाही. ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

गोटी "आपोआप उतरेल" म्हणून बसणं

पुऱ्या दिवसांच्या शंभर मुलग्यांत साधारण तिघांची एखादी गोटी जन्मतः पिशवीत उतरलेली नसते. वर्षाच्या आत ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास येतं, आणि उतरायची ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच उतरते. मग सहा वर्षांपर्यंत वाट कसली बघताय? ऑपरेशनचं वय सहा ते अठरा महिने. पोटाच्या उबेत राहिलेली गोटी हळूहळू खराब होते. पुढं मूल होण्याची क्षमता घटते, कर्करोगाचा धोका वाढतो. "त्याच्या बाबांचीपण उशिरा आली होती" ही गोष्ट प्रत्येक घरात असते. बाबांची तेव्हा कुणी नीट तपासली होती, हे कुणी सांगत नाही.

दुसरा खेळ सोनोग्राफीचा. गुहागरकडची एक आई तीन रिपोर्ट घेऊन आली होती. एकात "जांघेत आहे", दुसऱ्यात "दिसली नाही", तिसऱ्यात "गाठ असावी". प्रत्येक रिपोर्टनंतर सहा महिने थांबायचं, असं करत मुलगा सातवीत नाही, पण सात वर्षांचा झाला होता. हाताला न लागणारी गोटी सोनोग्राफीत निम्म्याहून कमी वेळा सापडते. सापडली किंवा नाही सापडली, तरी पुढचा निर्णय सहसा बदलत नाही. म्हणून हात लावून बघणारा सर्जन आधी गाठा, यंत्र नंतर.

दुर्बिणीची खरी जागा इथं आहे. आधी भूल दिल्यावर मी पुन्हा हातानं बघते, कारण पोट सैल पडलं की कधीकधी गोटी जांघेत लागते आणि मग दुर्बिणीची गरजच उरत नाही. नाही लागली तर बेंबीतून दुर्बीण. आत तीनपैकी एक गोष्ट दिसते. गोटीच्या रक्तवाहिन्या पोटातच संपलेल्या असतात, म्हणजे ती जन्माआधीच वाळून गेली. किंवा रक्तवाहिन्या जांघेत शिरताना दिसतात, मग जांघेत छोटा छेद घेऊन बघायचं. किंवा गोटी पोटातच असते. ती खाली आणायला रक्तवाहिन्या पुरतील इतक्या लांब असतील तर एकाच वेळी काम होतं, नाहीतर दोन टप्प्यांत, मध्ये साधारण सहा महिने ठेवून. गुहागरच्या मुलाची पोटात, मूत्राशयामागे निघाली. रक्तवाहिन्या तोकड्या. दोन टप्प्यांत खाली आणली, पण गोटी लहान आणि मऊ होती.

पहिल्या प्रकारात काही आईबाप चिडतात. "काही सापडलंच नाही, मग ऑपरेशन कशाला?" अहो, नाही हे कळलं हेच काम. आता जन्मभर कुणी शोधत बसणार नाही.

हार्मोनच्या इंजेक्शनांचा कोर्स करून गोटी उतरवू असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून उठा. आडमार्ग स्वस्त वाटतो, पण त्यात वय जातं.

कधी दिसते, कधी वर पळते अशी गोटी मात्र वेगळी. न्हाणीत गरम पाण्यानं आंघोळ घालताना बघा. तेव्हा दोन्ही खाली उतरत असतील तर घाई नाही, वर्षातून एकदा दाखवा. मी मुलाला आईच्या पुढ्यात मांडी घालून बसवते आणि हात चोळून गरम केल्याशिवाय तपासत नाही. एसीतल्या गार हातांनी तपासून किती गोट्या "न उतरलेल्या" ठरल्यात, देव जाणे.

आणि नवजात मुलाच्या दोन्ही गोट्या हाताला लागत नसतील तर थांबायचं काहीच कारण नाही. काही वेळा ते बाळ बाहेरून मुलगा दिसलं तरी हार्मोनच्या जन्मजात दोषामुळं तसं दिसणारी मुलगी असते आणि शरीरातलं मीठ घटून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जिवावर बेततं. रक्ताच्या तपासण्या लगेच करायच्या.

सहा तास

वयात येणाऱ्या मुलाला अचानक ओटीपोटात किंवा जांघेत जोराची कळ, उलटी, एका बाजूची गोटी वर ओढल्यासारखी. ती पिळवटलेली असू शकते. साधारण सहा तासांत सोडवली तर बहुधा वाचते, नंतर दर तासाला आशा कमी. पोरं लाजून "पोटात दुखतंय" एवढंच म्हणतात, घरचे बाम लावून सकाळची वाट बघतात. पोटदुखी म्हटलं की चड्डी काढून बघा. यात दुर्बीण नको, मोठं शहर नको. तालुक्याला सर्जन आणि भूलतज्ज्ञ असतील तर तिथंच करा. रात्री आंबा घाट उतरवून-चढवून कोल्हापूर किंवा सरळ गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठायच्या नादात गोटी रस्त्यातच जाते.

दुर्बिणीचा हट्ट

वर्षाच्या आतल्या बाळाच्या किडनीचं जोडकाम छोट्या छेदातूनही तितकंच चांगलं होतं. जांघेत हाताला लागणाऱ्या गोटीला दुर्बीण लागत नाही. हर्नियाला चालते, पण हर्निया थांबवू नका. हायड्रोसील, म्हणजे गोटीभोवती साठलेलं पाणी, वर्ष-दोन वर्षं थांबवता येतं. कुठली पद्धत हे सर्जनला ठरवू द्या. तुम्ही विचारायचं ते एवढंच, की मुलांची अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का?

हे नव्या सर्जन मित्रांसाठीही आहे. मोठ्यांचं पित्ताशय दुर्बिणीनं काढता आलं म्हणजे दहा महिन्यांचं बाळ जमेल असं नाही. बाळाचं मूत्राशय पोटातच असतं, पहिलं भोक पाडायच्या आधी ते नळीनं रिकामं करायचं. महारोहिणी, म्हणजे शरीरातली सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी, पोटाच्या भिंतीपासून फारच जवळ असते, म्हणून सुई आंधळी खुपसायची नाही, बेंबीपाशी उघडून आत जायचं. पोट फुगवायच्या गॅसचा दाब ६ ते ८ मिलिमीटर पारा, मोठ्यांचा १२-१५ नाही. कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून लगेच सुरू करायची ज्यांना घाई आहे, त्यांनी आधी कॅमेरा धरून उभं राहावं. कंटाळवाणं असतं. मलाही होतं.

धार न बघणं

मुलाची लघवी थेंबथेंब होते, धार बारीक, मूल कुंथतं. मूत्रमार्गातली जन्मतःची झडप असू शकते. ती दुर्बिणीतून जाळता येते, बाहेर टाकाही नसतो, आणि म्हणून लोकांना वाटतं प्रकरण संपलं. संपत नाही. मूत्राशय आधीच कडक झालेलं असतं, किडनी मोठेपणीही थकू शकते. रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी), सोनोग्राफी, हे मोठं होईपर्यंत करत राहायचं.

या झडपेची खूण बाळ पोटात असतानाच दिसू शकते. पण गरोदरपणातली सोनोग्राफी मुंबईत होते, बाळंतपण माहेरी. "बाळाच्या दोन्ही किडन्या फुगल्यात" लिहिलेला कागद डोंबिवलीच्या कपाटात राहतो. तो कागद आईबरोबर एसटीत बसला पाहिजे.

बाकी भराभर

शूच्या जागेची कातडी जोर लावून मागे ओढू नका. लहानपणी ती चिकटलेलीच असते, वयानं सुटते. ओढून फाटली की व्रण धरतो आणि मग खरोखर ऑपरेशन लागतं.

लघवीचं भोक टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर सुंता करू नका. तीच कातडी दुरुस्तीला लागते.

तापात अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी लघवी तपासायला द्या. नंतर दिलेला नमुना काहीच सांगत नाही.

लघवी उलटी किडनीकडे जाणाऱ्या मुलीला चार दिवस शी होत नसेल तर आधी ती बद्धकोष्ठता दुरुस्त करा. लघवी उलटी जाऊ नये म्हणून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जेलचं इंजेक्शन दुर्बिणीतून देता येतं हे खरं, पण तुंबलेल्या आतड्यापुढं त्याचं काही चालत नाही.

भुलेच्या दिवशी "नुसती पेज दिली" म्हणू नका. पेज जेवणात मोजतात. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. आजीनं प्रेमानं दिलेलं एक बिस्कीट लपवू नका, सांगा. ऑपरेशन पुढं ढकललं जाईल, एवढंच. भुलेत ते फुप्फुसात गेलं तर निस्तरणं अवघड.

आणि पैशांचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं. तिथं मुलाची चड्डी काढू देत नाहीत, लाज वाटते म्हणे. काढू द्या. निम्मे आजार तिथंच पकडता येतील. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आधी विचारून या, रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते घरीच बघा. मंजुरीला वेळ लागतो. ती ऑपरेशनच्या सकाळी, उपाशी मूल कडेवर घेऊन मागायची गोष्ट नव्हे.