बिरोबाच्या बनात नि धनगरांच्या वाड्यावर जायचंय? मग आधी हे वाचा

हल्ली पुण्यामुंबईची मंडळी सारखी विचारतात की सांगली-साताऱ्याकडं धनगरी परंपरा कुठं बघायला मिळेल, गजीनृत्य, म्हणजे ढोलाच्या तालावरचा धनगरी नाच, कुठं बुक करता येईल, एका वीकेंडात किती होईल. पहिलं सांगतो, बुक करू नका. गजी ढोल देवापुढं वाजवायचा असतो, रिसॉर्टच्या लॉनवर जेवणाआधी अर्धा तास लावला तर ढोल तोच असतो पण ज्याच्यासाठी वाजवायचा तो देवच समोर नसतो. त्यामुळं देवाच्या दिवसाप्रमाणं सुट्टी काढा.

दिवस तिथीवर असतात. म्हसवडला सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. पौषात कराड तालुक्यात पालला खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं, आणि पौषातच आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा, तिथं खिलार जनावरांचा बाजार भरतो, तो चुकवू नका. धनगरांचा देव बिरोबा, त्याचं बन मात्र कवठेमहांकाळ तालुक्यात, आरेवाडीला. यात्रेचा दिवस गावात कुणाला तरी फोन करून पक्का करा, मोबाईलवर दिसलेल्या तारखेवर गाडी काढू नका. पालला तारळी नदीच्या काठाला तुफान गर्दी असते, म्हातारी माणसं नि लहान पोरं बरोबर असतील तर मिरवणुकीच्या वाटेपासून लांब उभं राहा आणि गाडी गावाबाहेरच लावा.

कपडे जुने घाला कारण भंडारा उधळतात आणि हळदीचा डाग सहजासहजी जात नाही. कुणी कपाळाला भंडारा लावला तर मान पुढं करा, लावून घ्या. फोटोसाठी पुडा विकत घेऊन एकमेकांवर फेकत बसू नका, बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते लागतं.

ओव्या ऐकायच्या असतील तर रात्रीचीच तयारी ठेवा. "सुंबरान मांडलं", म्हणजे देवाचं स्मरण मांडलं, म्हणून सुरुवात झाली की मग बिरोबाची कथा किती वेळ चालेल सांगता येत नाही, एक गडी ओढतो, बाकीचे झेलतात, मधेच कथा थांबून ढोल घुमतो आणि परत कथा सुरू. मधूनच उठून जाऊ नका, खाली बसा, घोंगडं अंथरलेलं असेल तर चप्पल लांब काढा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी म्होरक्याला विचारा आणि कुणाच्या अंगात आलं की मोबाईल खिशात, इथं विचारायचा पण प्रश्न नाही. बोकड कापत असतील तरी तेच, बघवत नसेल तर गुपचूप बाजूला व्हा, तिथं उभं राहून लेक्चर देऊ नका.

श्रद्धा नसेल तर काय करायचं असंही काहीजण विचारतात. आमचं कुलदैवत पालचा खंडोबा, चंपाषष्ठीला घरात तळी भरतो, "सदानंदाचा येळकोट" म्हणताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, पण म्हणून तुमच्याही अंगावर यायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. नसेल श्रद्धा तर खोटं लोटांगण घालू नका, नुसता नमस्कार केला तरी चालतंय. एवढं लक्षात ठेवा की खंडोबानं धनगराची लेक बाणाई हिच्यासाठी तिच्या बापाच्या घरी चाकरी केली, मेंढरं राखली अशी कथा आहे, म्हणजे धनगरांच्या लेखी तो घरचा जावई. आपण दुसऱ्याच्या सोयरिकीत पाहुणे म्हणून जातोय, त्या हिशोबानं वागा.

आता वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा रानातला मुक्काम. माण, आटपाडी, जतकडचे बरेच मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढरं घेऊन निघतात, बिऱ्हाड घोड्यावर, त्यामुळं थंडीत गावात गेलात तर घरी म्हातारी माणसंच भेटायची. वाडा भेटेल तो नदीकाठच्या रानात, शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवलेली असतात तिथं. लांबूनच हाक मारा, कुत्री राखणीची असतात. मेंढरांभोवती जाळी बांधलेली दिसेल, ती वाघर, तिला हात लावू नका, ड्रोन तर अजिबात उडवू नका, मेंढरं बुजली की आवरताना त्या बाईमाणसांचा जीव जातो. चहा दिला तर प्या. पोरांच्या हातात सुट्टे पैसे देऊ नका, द्यायचंच असेल तर कारभारणीला विचारून चहापत्ती, साखर, औषध असं काही द्या.

आणि 'ट्रायबल टूर'ला आलोय असं तिथं मोठ्यानं बोलू नका. धनगर समाज राज्यात भटक्या जमाती क प्रवर्गात आहे, अनुसूचित जमातीत घ्या ही मागणी जुनी आहे आणि लोकांच्या फार जिव्हाळ्याची आहे, ते काढत असतील तर ऐका, आपण होऊन वाद घालू नका.

घोंगडं घ्यायचं तर विणणाऱ्या सनगराच्या घरूनच घ्या. खड्ड्यातल्या मागावर विणतात, चिंचोक्याची खळ लावतात म्हणून नवं घोंगडं कडक लागतं नि टोचतं, त्याला माल खराब म्हणू नका, वापरून मऊ पडतं. लोकर हाताची आहे का सुताची भेसळ आहे ते सरळ विचारा, सांगतात. भावात घासाघीस करू नका, लोकर कातरण्यापासून किती हात लागलेत ते तिथं बसून बघा आणि मग पैसे द्या.