हीटरचा होज पाईप त्याच जागी पुन्हा फुटतोय? जुन्या गाडीत या चुका टाळा

जुन्या गाडीचा हीटरचा पाईप (इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, गरम होऊन हीटरकडे नेणारी-आणणारी रबरी नळी) गळायला लागला की आपण काय करतो, तर फुटका काढून फेकतो आणि त्याच मापाचा नवा आणून त्याच जागी बसवतो. पहिली चूक इथेच होते. फेकायच्या आधी तो जुना पाईप हातात धरून सगळीकडून फिरवून बघा, कुठे घासून चकाकी आलीय, कुठे भाजून कडक झालाय, कुठे खाच पडलीय. रबर वयाने जातं हे खरंय पण बऱ्याचदा पाईप कशाला तरी घासून किंवा भाजून गेलेला असतो, आणि ते जे काही आहे ते अजून तिथेच असतं, नव्या पाईपची वाट बघत.

माझंच सांगतो. फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) गळत होतं, पाईप बदलला, खुश झालो, चार महिन्यांत पुन्हा तिथेच गळायला लागलं. दोष नव्या पाईपला दिला अर्थातच. नंतर दोन्ही पाईप शेजारी ठेवले तर खाच अगदी एकाच अंतरावर! खाली एक पत्र्याचा ब्रॅकेट होता त्याची धार लागत होती, तीही गाडी उभी असताना नाही, चालताना.

हे लोकांच्या लक्षातच येत नाही की इंजिन त्याच्या रबरी माउंटवर हलतं आणि फायरवॉल हलत नाही, आणि हा पाईप नेमका दोघांच्या मधे असतो. त्यामुळे पाईप ताणून सरळ बसवला तर तो दर झटक्याला हीटर कोअरची (डॅशमागच्या छोट्या रेडिएटरची) नळी ओढत राहतो, आणि खूप सैल सोडला तर लोंबून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणारा भाग) नाहीतर पंख्या-बेल्टकडे जातो. थोडी ढील हवी पण कुठेतरी धरलेली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, कोणालातरी अॅक्सिलरेटर जरासा झटक्याने द्यायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा पाईप कुठे जाऊन टेकतो ते. इंजिन बंद असताना सगळंच छान दिसतं.

धरायचं कशाने? झिप टाय नको. गरम झाल्यावर प्रेशरने पाईप फुगतो आणि तो प्लॅस्टिकचा पट्टा रबरात रुततो, आणि एक्झॉस्टच्या आसपास असेल तर काही दिवसांनी ठिसूळ होऊन तुटतोच. आतून रबर लावलेले पत्र्याचे क्लिप मिळतात ते वापरा. घासण्याच्या जागी जुन्याच पाईपचा तुकडा उभा चिरून नव्यावर चढवला तरी मस्त काम होतं, फेकू नका म्हणालो त्याचं हे दुसरं कारण. वायरिंगची ती वळ्या-वळ्यांची काळी प्लॅस्टिकची स्लीव्ह मात्र मॅनिफोल्डजवळ लावू नका, वितळते. तिथे अॅल्युमिनियमचा थर असलेली फायबरग्लासची स्लीव्ह लागते, आणि ती पाईप जोडायच्या आधी चढवायची असते (हे मला दोन्ही क्लॅम्प आवळून झाल्यावर आठवलं होतं). अर्थात स्लीव्ह आहे म्हणून पाईप मॅनिफोल्डला चिकटवून न्यायचा असं नाही, अंतर हाच खरा बचाव.

वळणाच्या जागी सरळ पाईप वाकवून घालणं ही पण नेहमीची चूक. थंड असताना ठीक वाटतो, गरम झाला की रबर मऊ पडतं आणि घडी बसते, मग हीटर कोमट का लागतो म्हणून लोकं थर्मोस्टॅट बदलत बसतात. वळण साच्यातूनच आलेला पाईप घ्या. आणि माप बघून घ्या, बऱ्याच गाड्यांत एक पाईप १६ मिमीचा आणि दुसरा १९ मिमीचा असतो, मोठा पाईप छोट्या नळीवर क्लॅम्प आवळून बसवला तर कधीतरी गळणारच. पेट्रोलचा पाईप तर नकोच. हीटरचा पाईप साधारण ईपीडीएम रबराचा असतो, कूलंटला तो चांगला पण ऑइलने फुगून मऊ पडतो, म्हणून वरून ऑइल गळत असेल तर आधी ते बंद करा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. जुना पाईप निघत नाही म्हणून पक्कडीने पिळून ओढणं. हीटर कोअरच्या नळ्या पातळ पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या असतात, एक वाकली किंवा तुटली की पाईपचं काम राहिलं बाजूला, बऱ्याच गाड्यांत आख्खा डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. पाईप ब्लेडने उभा चिरा आणि साल काढल्यासारखा सोलून काढा, नळीवर चरा न पाडता. बसवताना क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या मागे यायला पाहिजे आणि तो रबर कापेपर्यंत आवळायचा नसतो.

गाडीत कार्पेट ओलं झालं की थेट कोअर गेला असं ठरवू नका. एसीचं पाणी असेल तर वास नाही, चिकटपणा नाही. गोडसर वास, चिकट ओल आणि काचेवर तेलकट धुकं असेल तर कूलंट. पण तेही कधीकधी फायरवॉलच्या बाहेरच्या जोडातून गळून, फाटक्या ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकातलं रबरी कडं) आत आलेलं असतं, त्यामुळे आधी बॉनेट उघडून तिथे हात लावून बघा, इंजिन थंड असताना. तेव्हाच पाईप दाबूनही बघा, खासकरून टोकांजवळ, कारण हे पाईप आतून चिरत जातात आणि बाहेरून नवे दिसतात. टोकाशी मधल्यापेक्षा मऊ लागला तर बदला.

कूलंट भरताना हीटरचा नॉब फुल गरमवर ठेवा नाहीतर कोअरमधे हवा अडकते आणि डॅशमागे गुळगुळ आवाज येत राहतो. गरम इंजिनवर कॅप उघडायची नाही हे सांगायला नको, तरी सांगतो. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, चव गोड असते आणि कुत्र्यामांजरांना विषारी.

आणि नवा पाईप जिथे कशाच्या जवळून जातो तिथे खडूने रेघ मारून ठेवा. आठवड्याने बघा, रेघ पुसलेली दिसली तर तिथे घासतंय.