घरी बांधलेल्या सेटची पहिली ट्रायल: काय काय तयार ठेवायचं

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा परवाना हातात आल्याशिवाय घरी बांधलेल्या सेटच्या पीटीटीला (बोलताना दाबायच्या बटणाला) बोट लावायचं नाही. यादीतली ही पहिली ओळ, आणि तिच्यात तडजोड नाही. तोवर कॉइल गुंडाळा, सोल्डरिंग करा, रात्र रात्र नुसतं ऐकत बसा. अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवरून होतो आणि परवाना त्याच विभागाची डब्ल्यूपीसी ही बिनतारी परवान्यांची शाखा देते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३, जनरलला व्हीयू२ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेत ओळख सांगायचं नाव मिळतो. परवान्यावर जागेचा पत्ता असतो, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. घर गावात आणि ट्रायल आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी-गोठ्याशी घ्यायची असेल, तर तिथून चालवण्याची मुभा आधी मिळवा आणि कागदाची झेरॉक्स पिशवीत टाका. शेतात तार बांधताना कुणी थांबून विचारलं तर तो कागद कामाला येतो.

खालची सगळी तयारी ४० मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या) एसएसबी सेटची आहे, म्हणजे आवाजाची एकच बाजूपट्टी पाठवणाऱ्या, बिटएक्स नावाच्या आराखड्याच्या घराण्यातल्या. हैदराबादच्या अश्हर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी हा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि साध्या दुकानात मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरवर तो उभा केला. आपल्याकडे आज कुणी घरी सेट बांधायचा विचार करू शकतो, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

आधी टेबलावरचं काम. पहिल्यांदा करंट देताना बॅटरीच्या प्लस तारेत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये घाला. बोर्डावर कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि बोर्ड वाचेल. बल्ब विझलेला किंवा अगदी मंद राहिला, स्पीकरमधून खरखर आली, की बल्ब काढून २ अँपिअरचा फ्यूज लावा. अँटेनाच्या जागी दोन-तीन मीटर तार खोचली तरी सकाळी आवाज ऐकू यायला हवेत. आपल्याकडे हा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. त्याच्या वर लागलीच मोठी प्रक्षेपण केंद्रं सुरू होतात आणि ती ५ किलोहर्ट्झच्या पटीतच बसलेली असतात. त्यातल्या एखाद्या केंद्राची शिट्टी डायल फिरवून बारीक-जाड होत पार थांबेल अशी शून्यावर आणा आणि डिस्प्लेवरचा आकडा पाचच्या पटीत आहे का बघा. नसेल तर जेवढा फरक, तेवढी कॅलिब्रेशनची दुरुस्ती. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आपण कुठे बोलतोय हे ठाऊक नसेल तर बँडच्या बाहेर जायला वेळ लागत नाही.

मग डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावून सेटची ताकद हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर. १ किलोओहमचे २ वॉटचे वीस रेझिस्टर पॅरलल जोडले की ५० ओहम होतात. कार्बन किंवा मेटल फिल्म घ्या. वायरवाउंड घेऊ नका, तो स्वतःच कॉइल असतो. त्याच्यावर एक डायोड आणि एक कपॅसिटर लावून मल्टिमीटरवर पीक व्होल्टेज वाचता येतो. त्याचा वर्ग करून १०० ने भागा, वॉट मिळतात. मीटर २२ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर साधारण ५ वॉट निघताहेत, आणि पहिल्या ट्रायलला तेवढे भरपूर झाले.

फायनलच्या, म्हणजे अँटेनाला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरच्या बायसला (त्याच्या गेटवर कायम द्यायच्या व्होल्टेजला) पूर्ण एक संध्याकाळ द्या. तिथे आयआरएफ५१० हा मॉसफेट ट्रान्झिस्टर असतो; त्याचा पत्रा म्हणजे ड्रेन, त्याच्यावर सरळ सप्लायचा व्होल्टेज असतो. हीटसिंकला आवळताना मध्ये मायका आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश हवाच. आवळून झाल्यावर पत्रा आणि हीटसिंक यांच्यामध्ये मीटरचा बीप वाजता कामा नये. आता बायसचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) गेटचा व्होल्टेज सगळ्यात कमी राहील अशा टोकाला न्या, फायनलच्या सप्लायमध्ये अँपिअरमीटर घाला, डमी लोड जोडलेला आहे याची पुन्हा खात्री करा आणि माइकवर काही न बोलता पीटीटी दाबा. आकडा शून्य. प्रीसेट अगदी सावकाश फिरवा. बराच वेळ काहीच हलत नाही, आणि इथेच हात घाई करतो. या मॉसफेटला २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी जाग येते आणि जाग आली की करंट झपाट्याने चढतो. १०० मिलिअँपिअरला थांबा. बोट काढा, मिनिटभराने परत दाबा. हीटसिंक गरम झाल्यावर आकडा वर सरकत राहिला तर थोडा मागे घ्या. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ट्रायल घेणार असाल तर हीटसिंक दुप्पट मोठा धरा. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि पुस्तकातला हीटसिंक २५ अंशांचा विचार करून दिलेला असतो.

सेटच्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतलं उत्सर्जन अडवणाऱ्या लो-पास फिल्टरकडे ‘नंतर बघू’ म्हणून दुर्लक्ष झालेलं मला चालत नाही. ७.१ वर बोलताना १४.२ आणि २१.३ वरही काही निघत असेल, तर आपण दुसऱ्याच्या बँडमध्ये पाय ठेवतोय. ओळखीतल्या कुणाकडे नॅनोव्हीएनए हे फिल्टर-अँटेना तपासायचं छोटं यंत्र असेल तर फिल्टर बोर्डापासून सोडवून त्यावर बघा: ७.१ ला सपाट, १४.२ ला खोल उतार. तसा उतार दिसत नसेल तर टोरॉइडचे, म्हणजे फिल्टरच्या रिंगवर गुंडाळलेल्या कॉइलचे वेढे पुन्हा मोजा. तार रिंगच्या आतून जितक्या वेळा जाते तितके वेढे, बाहेरून मोजलं की हमखास चूक होते. गप्प राहून पीटीटी दाबल्यावर दुसऱ्या रिसीव्हरवर कॅरिअर, म्हणजे आवाजाशिवायची कोरी लहर ऐकू येतेय का, तेही याच टप्प्यावर तपासा आणि बॅलन्सचा प्रीसेट फिरवून तो दाबून टाका. या बँडवर लोअर साइडबँड (खालची बाजूपट्टी, एलएसबी) चालतो, तेव्हा दुसऱ्या रिसीव्हरवर एलएसबी लावून स्वतःचा आवाज ऐका.

आता अँटेना. ७.१ मेगाहर्ट्झचा हाफवेव्ह डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार, एकूण २०.१४ मीटर, म्हणजे एका बाजूला १० मीटर ७ सेंटीमीटर. दर बाजूला तार साडेदहा मीटरची घ्या. चढवल्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ताकद किती परत येते त्याचं माप; जितकं कमी तितकं बरं) ६.८ मेगाहर्ट्झच्या आसपास सर्वांत कमी दिसेल. मग दोन्ही टोकं सारखी कमी करत या, दर बाजूला १० सेंटीमीटर घटले की साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकतं. कापण्यापेक्षा टोक मागे दुमडून तारेलाच पिळा. मधला भाग लिंबाच्या किंवा चिंचेच्या फांदीवर २५-३० फुटांवर, टोकं दोन्ही बाजूंना उतरती, नायलॉनच्या दोरीने बांधलेली, आणि माणसाच्या, बैलाच्या डोक्याला लागणार नाहीत एवढी उंच. विजेची लाईन जवळ असेल तर जागा बदला. तार तुटली, फांदी मोडली, तरी ती ११ केव्हीच्या तारेपर्यंत पोचता कामा नये, एवढं अंतर डोळ्यांनी नव्हे, पावलांनी मोजा.

तीस फूट म्हणजे कमी, असं मनात आणू नका. या उंचीवरचा डायपोल बराचसा जोर सरळ वर फेकतो आणि तो आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून आजूबाजूच्या चार-पाचशे किलोमीटरमध्ये खाली येतो. आपल्या लातूरहून हवेतून हैदराबाद साधारण २३०, पुणे २८५ आणि नागपूर ४०० किलोमीटर. आपल्याला पहिल्या दिवशी ज्यांच्याशी बोलायचंय ते सगळे नेमके या टप्प्यात आहेत. वेळ सकाळची किंवा दुपारी चारनंतरची धरा. भर दुपारी आयनोस्फिअरचा खालचा डी-थर बरंच शोषून घेतो, रात्री परदेशी केंद्रं दाटतात.

वीज बॅटरीचीच वापरा. फवारणी पंपातली १२ व्होल्टची बॅटरी ५ वॉटच्या सेटला अख्खी दुपार पुरते आणि ती घरोघरी आहे. बॅटरीचा आणखी एक फायदा म्हणजे घरातला मेन स्विच पाडून बसता येतं. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांचा गोंगाट एकदम थांबतो. शेतात सौर पंपाचा कंट्रोलर चालू असेल तर त्या मळ्यापासून लांब बसा. डीपीवरची कडकड मात्र आपल्या हातात नाही. लाईट जाईल ती वेळ साधा. लाईट नसताना सेट चालणं ही माझ्या लेखी या ट्रायलची मुख्य परीक्षा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, माळवदं कोसळली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं एका क्षणात तुटली, आणि त्या आपत्तीत हॅम मंडळी संपर्कासाठी धावून आली होती. त्या भागात राहून आपण सेट बांधतो, तर तो बॅटरीवर, झाडाला बांधलेल्या तारेवर, घराबाहेर चालला पाहिजे.

ऋतूचंही बघा. खरीप निघाल्यावर, ज्वारी-हरभऱ्याच्या दिवसांत बँड शांत असतो. अवकाळीच्या दिवसांत विजांची खरखर तर असतेच, पण वीज पडण्याचा धोका खरा आहे. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये ठेवा. आभाळ भरून आलं, गडगडाट ऐकू आला, की अँटेनाची केबल सेटपासून काढून बाहेर टाका आणि झाडाखालून निघा. अर्थिंगसाठी पहार ठोकणार असाल तर उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात ती नुसती मोकळी उभी राहते. आदल्या दिवशी दोन घागरी पाणी ओतून माती बसू द्या.

पिशवीत जादा फ्यूज, एक जादा आयआरएफ५१० आणि मायका, पक्कड, चिकटपट्टी, दोरी, पाणी, वही. सोल्डरिंग आयर्न तिथे चालणार नाही, म्हणून सगळे सांधे घरीच ओढून बघा.

बसल्यावर निदान अर्धा तास नुसतं ऐका. सकाळच्या एखाद्या नेटवर (ठरल्या वेळी हॅम मंडळी जमतात त्या हवेतल्या बैठकीत) ती चालवणारं कंट्रोल स्टेशन नव्या चेक-इनसाठी थांबलं की कॉलसाइन स्पष्ट, फोनेटिकमध्ये (अक्षरामागे ठरलेला शब्द, जसं ए म्हणजे अल्फा), एकदाच द्या आणि सोबत ‘क्यूआरपी, होमब्रू’, म्हणजे कमी ताकदीचा, घरी बांधलेला सेट, असं म्हणा. हॅम मंडळी कमजोर सिग्नलसाठी बाकीच्यांना गप्प करतात, हा माझा अनुभव आहे. मिळालेल्या ५९ वर, म्हणजे ‘स्पष्ट आणि जोरदार’ या रिपोर्टवर समाधान मानू नका. ‘दादा, आवाज फाटतोय का? मागे कॅरिअर ऐकू येतोय का? बोलता बोलता फ्रिक्वेन्सी सरकली का?’ हे तीन प्रश्न विचारून घ्या. ओळखीच्या एखाद्या हॅमला आधी फोन करून ठेवलात तर तो तुमचा आवाज रेकॉर्डही करून पाठवेल. बोलणं संपवताना पुन्हा कॉलसाइन.

वहीत वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहा, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा. फ्रिक्वेन्सी, दिलेला-घेतलेला रिपोर्ट, बोलताना बॅटरीचा व्होल्टेज किती खाली गेला, हीटसिंकला हात टिकत होता का, हे तिथेच नोंदवा. मग केबल काढा, डायपोल उतरवा, आणि टोकं जिथे दुमडली होती तिथे चिकटपट्टी गुंडाळून खूण करा, म्हणजे पुढच्या खेपेला पुन्हा मोजत बसायला नको.